मेन्यूवरच्या कॅलरींवर किती विसंबायचं?

वजन उतरवायला घेतलेल्या माणसाला बाहेरच्या जेवणाचा हिशेब सर्वात अवघड जातो. घरी कढईत तेल किती पडलं ते डोळ्यांसमोर असतं, बाहेर ते कळायला मार्ग नसतो. म्हणून पदार्थाच्या नावापुढे ‘४२० कॅलरी’ असं छापलेलं दिसलं की हायसं वाटतं. आकडा फोनमधल्या ॲपमध्ये भरला की दिवसाची बेरीज पुरी. पण आठवडेच्या आठवडे बेरीज बरोबर येते आणि वजनाचा काटा मात्र जागचा हलत नाही, तेव्हा पाणी कुठे मुरतंय ते शोधावंच लागतं.

अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी हे आकडे प्रत्यक्ष पडताळून पाहिले. ४२ रेस्टॉरंटांमधून त्यांनी २६९ पदार्थ विकत आणले आणि त्यांतली ऊर्जा प्रयोगशाळेत मोजली. अशी मोजणी करताना पदार्थ वाटून एकजीव करतात, त्यातलं पाणी काढून टाकतात आणि उरलेल्या भुकटीचा चिमूटभर नमुना पोलादी भांड्यात, दाबाखालच्या शुद्ध ऑक्सिजनमध्ये जाळतात. भांड्याभोवतीचं पाणी किती तापलं यावरून ऊर्जा कळते. एक किलो पाणी एक अंश सेल्सिअसने तापवणारी उष्णता म्हणजे एक किलोकॅलरी. आहाराबद्दल बोलताना आपण जिला नुसतं ‘कॅलरी’ म्हणतो ती हीच. जाळून मिळालेली सगळी ऊर्जा शरीराच्या हाती लागत नाही. प्रथिनांमधली काही ऊर्जा युरियाच्या रूपाने लघवीवाटे निघून जाते, त्यामुळे तेवढी वजावट करावी लागते.

या अभ्यासाचे निष्कर्ष २०११ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. छापील आकडा आणि मोजलेला आकडा यांतला सरासरी फरक पदार्थामागे जेमतेम १० कॅलरींचा निघाला. म्हणजे सरसकट फसवणूक नाही, हे आधी मान्य करायला हवं. पण सरासरीच्या पोटात बरंच काही दडलेलं होतं. १९ टक्के पदार्थांमध्ये छापल्यापेक्षा किमान १०० कॅलरी जास्त होत्या. त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे: कमी कॅलरींचे म्हणून छापलेले पदार्थ मोजल्यावर जास्तीचे निघत होते आणि जास्त कॅलरींचे म्हणून छापलेले कमीचे. सरासरी जुळली ती अशी. डाएटवरचा माणूस मात्र सरासरी पदार्थ मागवत नाही, तो यादीतला सर्वात हलका पदार्थ मागवतो.

असं का होतं, याचं एक कारण स्वयंपाकघरातच सापडतं. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १४ ग्रॅम, जवळपास १२० कॅलरी. गर्दीच्या वेळी आचारी तेल मोजत बसत नाही, आणि ड्रेसिंगची बाटली हातात असली की धार थोडी लांबतेच. हा एक चमचा १,२०० कॅलरींच्या भरगच्च ताटात जास्त पडला तर चूक १० टक्क्यांची. तोच ३०० कॅलरींच्या सॅलडवर पडला तर चूक थेट ४० टक्क्यांवर जाते. हात तितकाच सैल सुटला, पण हलक्या पदार्थाचं हलकेपणच गेलं.

दुसरं कारण आपल्या निवडीत आहे आणि ते सहसा लक्षातच येत नाही. समजा, एका मेन्यूवरच्या वीसही पदार्थांमध्ये खरोखर ५०० कॅलरी आहेत. आकडे ठरवताना काहींचा अंदाज खाली गेला, काहींचा वर. कुठे ४२० छापलं गेलं, कुठे ५१०, कुठे ५९०. सगळ्यांची सरासरी ५००च. आता वजन कमी करणारा माणूस यातलं काय उचलेल? ४२०वालाच. म्हणजे ज्या पदार्थाची चूक त्याच्या हिताविरुद्ध गेली आहे, नेमका तोच त्याच्या हातात येतो. खऱ्या मेन्यूवर पदार्थांमध्ये खरेखुरे फरकही असतात, त्यामुळे परिणाम इतका टोकाचा होत नाही. पण आकड्यांमध्ये चूक असेल आणि आपण दर वेळी सर्वात लहान आकडा निवडत असू, तर चुका आपल्याच खात्यावर साठत जाणार. कुणीही खोटं न बोलता हे घडतं.

‘कधी जास्त, कधी कमी, शेवटी सगळं सारखंच होतं’ असा दिलासा अनेक जण स्वतःला देतात. पदार्थ बदलत राहिले तर त्यात काही तथ्य आहे. पण ठरावीक ठिकाणची ठरावीक डिश ‘सुरक्षित’ म्हणून पुन्हा पुन्हा मागवली तर नाही. याच अभ्यासात छापील आकड्याहून सर्वात जास्त कॅलरी निघालेल्या पदार्थांपैकी १३ पदार्थ नंतर पुन्हा आणून मोजले गेले. पहिल्या वेळी त्यांत छापल्यापेक्षा सरासरी २८९ कॅलरी जास्त होत्या, दुसऱ्या वेळी २५८. चूक त्या दिवसापुरती नव्हती, त्या पदार्थातच मुरलेली होती.

आकडे येतात कुठून, तेही थोडक्यात पाहू. अमेरिकेत मे २०१८ पासून २० किंवा अधिक शाखा असलेल्या रेस्टॉरंटांना मेन्यूवर कॅलरी छापणं बंधनकारक आहे. पण प्रत्येक पदार्थ प्रयोगशाळेत जाळून पाहण्याची सक्ती नाही. पाककृती आणि पोषणमूल्यांचे तक्ते यांवरून केलेलं गणितही चालतं. या गणिताचा पाया विल्बर ॲटवॉटर या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घातला: एक ग्रॅम कर्बोदकांना किंवा प्रथिनांना ४ कॅलरी, एक ग्रॅम स्निग्धांशाला ९. एकूण आहारासाठी हे ठोकताळे उत्तम चालतात, एकेका पदार्थाला कधी कधी नाही. अमेरिकी कृषी खात्याच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं, की २८ ग्रॅम बदामांमधून शरीराला सुमारे १२९ कॅलरीच मिळतात, ठोकताळ्याने त्या १७० च्या आसपास येतात. न फुटलेल्या पेशींमधली चरबी पचनातून निसटून जाते. इथे चूक खाणाऱ्याच्या बाजूने आहे, पण चूक ती चूकच.

मग मेन्यूवरचे आकडे बघायचेच नाहीत का? जरूर बघावेत. ३५० आणि १,१०० यांतला फरक कोणताही सैल हात पुसू शकत नाही, आणि असा मोठा फरक दाखवण्यात हे आकडे खरोखर उपयोगी आहेत. ३८० की ४१० यावर मात्र डोकं शिणवू नये, तेवढी अचूकता त्यांच्यात नाहीच. ड्रेसिंग, सॉस, लोणी वेगळं मागून घेतलं तर चुकीचा मोठा वाटा आपल्या हातात येतो.

किती काळजी करायची, हे बाहेर किती वेळा खातो यावर अवलंबून आहे. संशोधक केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडलेल्या गणितानुसार रोजच्या खाण्यात सुमारे २४ कॅलरींचा कायमचा फरक पडला, तर वजनात कालांतराने एक किलोचा फरक पडतो, त्यातला निम्मा साधारण वर्षभरात. आठवड्यातून एकदा १०० कॅलरी जास्त गेल्या तर रोजच्या १४ होतात, त्यासाठी जेवणाची मजा घालवण्यात अर्थ नाही. रोज दुपारी १०० जास्त जात असतील, तर हळूहळू चार किलोंचा प्रश्न आहे.

रोज बाहेर खाणाऱ्याने म्हणून बेरजेचा ताळा स्वतःच्या वजनाशी करून पाहावा. मीठ आणि पाणी यांमुळे वजन एका दिवसात किलोभर सहज वरखाली होतं, तेव्हा एका सकाळच्या काट्यावर न जाता आठवड्याची सरासरी धरावी. तीन-चार आठवडे सरासरी उतरत नसेल, तर घरचं जेवण आणखी तोडण्याआधी नेहमीची बाहेरची डिश तपासावी: ॲपमध्ये ती छापील आकड्यापेक्षा पाव हिश्शाने वाढवून लिहावी, किंवा महिनाभर दुसरीच मागवून सरासरी हलते का ते पाहावं.