सावोनलिना : सीमेवरच्या गावाची पार्श्वभूमी

फिनलंडच्या आग्नेय भागातलं सावोनलिना हे साइमा सरोवरातल्या बेटांवर वसलेलं छोटं शहर. आज ते ओळखलं जातं किल्ल्यातल्या ऑपेरा महोत्सवासाठी. पण किल्ला आणि ऑपेरा यांच्या मधला दुवा म्हणजे इथलं आरोग्यस्नानाचं केंद्र. त्याकडे फारसं कुणी बघत नाही. खरं तर गावाचं नशीब प्रत्येक वेळी पूर्वेकडच्या सीमेनंच ठरवलं आहे.

ओलाविनलिना हा किल्ला 1475 मध्ये एरिक अ‍ॅक्सेलसन टॉट या सरदारानं बांधायला घेतला (फिनलंड तेव्हा स्वीडनच्या अमलाखाली होता), तो रशियाला अडवण्यासाठी. जागा अचूक निवडली होती. क्यूरनसाल्मी सामुद्रधुनीत प्रवाह इतका जोरात असतो, की सगळं सरोवर गोठलं तरी किल्ल्याभोवतीचं पाणी सहसा वाहतंच राहतं, आणि शत्रूला बर्फावरून चालून येता येत नाही. 1639 मध्ये फिनलंडचा स्वीडिश गव्हर्नर जनरल पेर ब्राहे यानं किल्ल्याच्या आडोशाला शहर वसवलं. स्वीडन आणि रशिया यांच्यातल्या 1743 च्या तहात किल्ला आणि शहर दोन्ही रशियाकडे गेली. पुढे 1809 मध्ये अख्खा फिनलंडच झारच्या अमलाखाली आला, तेव्हा इथली सीमाच उरली नाही आणि किल्ल्याचं लष्करी महत्त्व संपलं.

मग ज्यांना अडवायचं होतं तेच पाहुणे झाले. 1856 मध्ये साइमा कालवा खुला झाला आणि सरोवर फिनलंडच्या आखाताला जोडलं गेलं. सेंट पीटर्सबर्गची श्रीमंत मंडळी व्हीबोर्ग बंदरातून आगबोटीनं थेट इथे येऊ लागली. 1896 मध्ये इथे स्नानगृह उभं राहिलं. फिनलंडमध्ये गरम पाण्याचे नैसर्गिक झरे नाहीत, त्यामुळे पाणी तापवावं लागे. लोकांना ओढ होती ती मोकळ्या हवेची, पाइनच्या जंगलाची आणि उन्हाळ्यातल्या उजेडी रात्रींची. जवळच पुन्काहार्यूचा अरुंद, पाइननं भरलेला लांबट उंचवटा आहे, दोन्ही बाजूंना पाणी. निकोलस पहिला याच्या आदेशानं तिथे बांधलेलं वनरक्षकाचं घर पुढे हॉटेल झालं, ते आजही चालू आहे. केरिमॅकीचं 1847 मधलं भव्य लाकडी चर्चही याच परिसरात.

1907 मध्ये गायिका आइनो आक्ते हिनं किल्ला पाहिला आणि तिथे ऑपेरा व्हावा हे तिच्या मनानं घेतलं. 1912 मध्ये पहिला महोत्सव झाला. मला यात तिची दृष्टी मोठी वाटते : फिनिश स्वाभिमान जागा होत असताना तिनं परक्या सत्तेच्या या जुन्या किल्ल्यात फिनिश ऑपेरा उभा केला. 1917 च्या क्रांतीनंतर सीमा बंद झाली, रशियन पाहुणे येणं थांबलं आणि स्नानगृहाचे सुगीचे दिवस सरले. मध्यंतरी बंद पडलेला महोत्सव 1967 पासून मात्र नव्यानं सुरू झाला आणि शहराला आपला आधार मिळाला.

दुसऱ्या महायुद्धात कालव्याचा अर्धा भाग सोव्हिएत संघाकडे गेला. 1963 मध्ये फिनलंडनं तो भाडेपट्ट्यानं घेतला आणि 1968 मध्ये पुन्हा जहाजं धावू लागली. 2023 च्या अखेरीस फिनलंडनं पूर्वेची जमिनीवरची सीमा बंद केली. रशियन पर्यटकांवर अवलंबून असलेल्या इथल्या हॉटेलांना आणि दुकानांना आता पाहुणे दुसरीकडून शोधावे लागत आहेत.