मेमरी भरली, पण कोणती?

सोलापूरच्या नवी पेठेतल्या मोबाइलच्या दुकानांत एक सल्ला हमखास कानावर पडतो. "फोन हँग होतोय? मेमरी फुल झाली असेल, फोटो उडवा." फोटो जातात, लग्नाचे व्हिडिओ जातात आणि फोन पुन्हा रखडतो. कारण फोटो असतात स्टोरेजमध्ये, म्हणजे कायमच्या साठ्यात, आणि अपुरी पडत असते बहुधा रॅम, म्हणजे चालू कामापुरती मेमरी. (स्टोरेज काठोकाठ भरलं तरीही फोन मंदावतो, पण ते दुखणं वेगळं.)

सोलापूरकराला स्टोरेज समजायला कॉम्प्युटरची गरज नाही. चादरीवरची नक्षी जेकार्ड मागावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून उतरते. भोक असेल तिथे धागा उचलला जातो, नसेल तिथे नाही. लाइट गेली, माग थांबला, तरी नक्षी पुठ्ठ्यात शाबूत. फ्रान्समध्ये जोसेफ मारी जॅकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास हा माग आणला. पुढे कॉम्प्युटरने वापरलेली पंच कार्डं याच घराण्यातली.

रॅमचा स्वभाव उलटा. तिच्यात प्रत्येक बिटसाठी, म्हणजे एकेका ० किंवा १ साठी, एक ट्रान्झिस्टर (विजेचा इवलासा स्विच) आणि एक सूक्ष्म कपॅसिटर असतो. ही रचना आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ मध्ये सुचली. कपॅसिटरमध्ये विद्युतभार असला तर १, नसला तर ०. पण हा भार टिकत नाही, सतत गळतो. म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांच्या आत चिपमधला प्रत्येक बिट वाचून पुन्हा भरावा लागतो. हे काम आपल्या नकळत अखंड चालू असतं. वीज गेली की ते थांबतं आणि सेव्ह न केलेलं पत्र गेलंच म्हणून समजा.

रॅम विसराळूच असावी असा काही निसर्गनियम नाही, बरं का. १९५० ते १९७० च्या दशकांत मुख्य मेमरी म्हणून चुंबकीय कड्या वापरत. त्यांतून बारीक तारा ओवलेल्या असत, बरेचदा हातानेच, आणि वीज गेल्यावरही त्यांतली माहिती राहत असे. पण ही मेमरी महाग होती आणि जागाही खायची. स्वस्त चिप आली आणि विसराळूपणा सगळ्यांनी मुकाट स्वीकारला.

फोनमधल्या किंवा एसएसडीतल्या (कॉम्प्युटरचं चिपवरचं स्टोरेज) फ्लॅश चिपमध्ये इलेक्ट्रॉन विद्युतरोधक थरांच्या आत कोंडलेले असतात, म्हणून ते विजेशिवाय वर्षानुवर्षं राहतात. पण त्यांना आत घालायला, बाहेर काढायला जास्त दाबाची वीज लागते, वेळ लागतो आणि दर वेळी तो थर थोडा झिजतो.

वेगातली तफावत तर अफाट आहे. रॅममधून माहिती मिळायला सुमारे १०० नॅनोसेकंद लागतात, एसएसडीतून त्याच्या हजारपट वेळ, फिरत्या हार्ड डिस्कवरून लाखपट. रॅमचा तो क्षण ताणून एक सेकंदाचा केला, तर एसएसडी सतरा मिनिटं घेईल आणि हार्ड डिस्क सव्वा दिवसाच्या जवळपास!

म्हणूनच रॅम भरली की कॉम्प्युटरची दमछाक होते. सध्या नको असलेला मजकूर तो स्टोरेजवर ढकलतो, लागला की परत आणतो. जुन्या लॅपटॉपवर ब्राउझरचे चार टॅब उघडल्यावर हार्ड डिस्कची जी कुरकुर ऐकू येते, ती बऱ्याचदा हीच ने-आण असते.

दुकानदार "आठ, एकशे अठ्ठावीस" म्हणतो, त्यातला पहिला आकडा रॅमचा, दुसरा स्टोरेजचा. लॅपटॉप घेताना एवढं विचारावंच, की रॅम बोर्डावर सोल्डर केलेली, म्हणजे डाख देऊन पक्की बसवलेली, आहे का? असेल तर ती नंतर सहसा वाढवता येत नाही. स्टोरेजचं तसं नाही, कमी पडलं तर बाहेरून डिस्क जोडता येते.