गोवा ट्रान्स सिंगल

गोवा ट्रान्स या नाचायच्या इलेक्ट्रॉनिक म्युझिकच्या प्रकारातला सुटा ट्रॅक. साधारण सात ते दहा मिनिटांचा, मिनिटाला १३५ ते १५० ठोके, शब्द जवळपास नाहीतच, आणि बऱ्याचदा दोघातिघांनी मिळून केलेला. १९९० च्या दशकात तो १२ इंची रेकॉर्डवर निघायचा. नावात गोवा असला तरी रेकॉर्डवरचा पत्ता बहुतेक लंडनचा, आणि उगमाचा सगळा वाद तिथूनच चालू होतो.

एक मत असं की हे म्युझिक हणजूण-वागातोरच्या किनाऱ्यावरच जन्मलं. १९७० च्या दशकात हिप्पी पार्ट्यांमध्ये रॉक आणि रेगे चालायचं, मग १९८३ च्या सुमाराला (एखादं वर्ष मागंपुढं धरा) लॉरां नावाचा फ्रेंच डीजे आणि गोवा गिल वगैरे मंडळींनी युरोपातलं इलेक्ट्रॉनिक म्युझिक रात्रभर वाजवायला घेतलं. गिल मूळचा कॅलिफोर्नियाचा, जन्म १९५१, वारला २०२३ मध्ये. गाण्यातले शब्द कापायचे, नुसता वाद्यांचा तुकडा कॅसेटवर परत परत जोडायचा, असं त्या काळी चालायचं म्हणतात. दुसरं मत सांगतं की गोव्यात फक्त वाजवलं गेलं, बनवलं शिकागो, डेट्रॉइट आणि फ्रँकफर्टवाल्यांनी. त्या मताकडेही दम आहे, कारण ज्या चिरक्या, वळवळणाऱ्या ॲसिड आवाजाशिवाय हा प्रकार ओळखूच येत नाही तो रोलंड टीबी-३०३ या मशीनचा. ते १९८१ मध्ये गिटारवाल्यांना बेसची साथ मिळावी म्हणून बाजारात आलं, चाललं नाही, १९८४ पर्यंत बंदही पडलं, आणि मग शिकागोच्या पोरांनी सेकंडहँड घेऊन त्याची बटणं नको तितकी पिळली. तरी या नोंदीचा कल थोडा पहिल्या मताकडे आहे. म्हणजे असं की माप गोव्यात घेतलं आणि कपडा लंडनमध्ये शिवला. हे माप कसलं, ते डॅटवरून कळतं.

डॅट म्हणजे डिजिटल ऑडिओ टेप, १९८७ मध्ये आलेली. साध्या कॅसेटच्या निम्म्याएवढी, रुंदी ७३ मिलिमीटर, शर्टाच्या खिशात तीनचार सहज मावतात. किनाऱ्यावरच्या उन्हात आणि धुळीत रेकॉर्ड वाकते, खराब होते, शिवाय परदेशातून पेटीभर रेकॉर्ड वाहून आणणं हा वेगळाच त्रास, म्हणून डीजे डॅटवर गेले असं सगळेच सांगतात. पण डॅटच्या वॉकमनवर वेग कमीजास्त करता येत नाही. रेकॉर्डवर डीजे बोटानं वेग जुळवून एका ट्रॅकचा ठोका दुसऱ्याच्या ठोक्यावर बसवतो, इथं ती सोयच नाही, मग एक टेप संपत आली की दुसरी हळूच आत आणायची आणि मध्ये ठोका नसलेला, नुसत्या घोंघावणाऱ्या आवाजाचा भाग असला तरच सांधा लपतो. म्हणून बनवणाऱ्यांनी ट्रॅकच्या सुरुवातीला आणि शेवटी असा बिनठोक्याचा भाग ठेवायला सुरुवात केली असं म्हणतात. ते नुसतं वातावरणासाठी होतं असंही कोणी म्हणतं, पण डॅटचं कारण जास्त पटतं.

टेपची अदलाबदल हा अजून एक भाग. रेकॉर्ड निघायच्या कितीतरी आधी ट्रॅक डॅटवरून हातोहात फिरायचा, एका सीझनला (म्हणजे पाऊस सरल्यावर, नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल) हणजूणला वाजायचा, तिथं नाचणाऱ्यांनी काय केलं ते बघून परत जाऊन बदलायचा. घरगुती डॅट मशीनमध्ये कॉपीची कॉपी होऊ नये म्हणून कुलूप घातलेलं असायचं, पण ते फक्त डिजिटल तारेला लागू, साध्या तारेनं कॉपी केली की कुलूप गेलं.

दोघांनी मिळून करायची पद्धत का पडली याला मैत्री हे उत्तर सोपं आहे, खरं कारण थोडं यंत्राचंही आहे. १९९० च्या सुरुवातीच्या स्टुडिओत अटारी एसटी कॉम्प्युटर असायचा, त्याला मिडीची भोकं (मिडी म्हणजे कॉम्प्युटर आणि वाद्यं एकमेकांशी बोलतात ती भाषा, १९८३ ची) कंपनीतूनच लावून यायची, त्यावर क्यूबेससारखं सूर मांडायचं सॉफ्टवेअर, बाजूला अकाईचा सॅम्पलर (आवाजाचे तुकडे साठवून वाजवणारं मशीन) आणि दोनचार जुने सिंथ, म्हणजे विजेवर आवाज तयार करणारी वाद्यं. कॉम्प्युटर फक्त सूर कधी वाजायचा ते सांगायचा. फिल्टर उघडणं, आवाज चढवणं, एको सोडणं हे मिक्सरवर हातानं, आणि ते लक्षात ठेवायची सोय साध्या मिक्सरला नव्हती. मग आठ मिनिटांचा ट्रॅक आठ मिनिटं प्रत्यक्ष वाजवूनच डॅटवर उतरवायचा. १४० च्या वेगानं आठ मिनिटं म्हणजे ११२० ठोके, चुकलं की पहिल्यापासून. दोन हात कुठे पुरणार, एक जण ३०३ पिळतोय, दुसरा फेडरवर, म्हणजे मिक्सरच्या आवाज कमीजास्त करायच्या सरकत्या बटणांवर. द इन्फिनिटी प्रोजेक्ट या गोवा ट्रान्सच्या गटामध्ये राजा राम आणि ग्रॅहॅम वुड ही अशीच जोडी. राजा राम ऑस्ट्रेलियाचा, बासरी वाजवणारा, वयानं बाकीच्यांपेक्षा बराच मोठा, पुढे सायमन पॉसफर्डबरोबर त्यानं श्पॉंगल नावाची जोडी काढली.

रागदारीचा दावा जपून घ्यावा. या ट्रॅकमध्ये वारंवार दिसणारी स्वरपट्टी कोमल रे, शुद्ध ग, कोमल ध, कोमल नी अशी असते, पाश्चात्त्य लोक तिला फ्रिजियन डॉमिनंट म्हणतात, आपल्याकडे बसंत मुखारी, कर्नाटकात वकुलाभरणम्. त्यावरून यात भारतीय राग आहे असं धाडकन लिहिलं जातं. पण हीच पट्टी अरबी आणि ज्यू संगीतातही आहे, आणि इस्रायलच्या मंडळींनी हा प्रकार किती उचलून धरला ते बघता तिकडून आली असणंही शक्य आहे. राग नुसत्या पट्टीनं होत नाही हे केसरबाई केरकरांच्या गोव्यात वेगळं सांगायला नको.

स्वागत. ब्रिटनमध्ये १९९३-९४ च्या आसपास ड्रॅगनफ्लाय, टिप, फ्लाइंग ऱ्हायनो ही लेबलं, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपन्या, उभी राहिली. १८ डिसेंबर १९९४ ला पॉल ओकनफोल्ड या ब्रिटिश डीजेचा गोवा मिक्स बीबीसी रेडिओ १ वर लागला आणि किनाऱ्यावर कधी पाय न ठेवलेल्यांनाही गोवा हा आवाज वाटायला लागला. १९९० चं दशक संपेपर्यंत ती लाट ओसरली आणि सायट्रान्स हे नाव रूढ झालं.

खुद्द गोव्यात स्वागत कसं झालं हे लिहायला साहित्य तुटपुंजं. गावच्या बाया पार्टीच्या कडेला चटई टाकून, रॉकेलची चिमणी लावून चहा-ऑम्लेट विकायच्या, पायलट (मोटारसायकल टॅक्सीवाले) पहाटेपर्यंत भाडी मारायचे, हे येणाऱ्याजाणाऱ्यांनी टिपलंय, पण त्या बायांना ते म्युझिक कसं वाटलं ते कोणी विचारलेलं दिसत नाही. रात्रभर न थांबता गाणं गोव्याला नवं नाही, वास्कोच्या दामोदर सप्ताहात २४ तास भजन चालतं, पण म्हणून दोन्हींचं नातं जोडायचा मोह नको. मराठी पेपरांत हा विषय आला तो बहुतेक ड्रग्ज आणि आवाजाच्या बातमीतून. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद केला, वस्तीत रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल, म्हणजे हे ट्रॅक ज्या वेळेसाठी बनले तीच वेळ गेली. मग पार्ट्या दुपारी सरकल्या, काही बंद हॉलमध्ये, काही तशाच चोरून.

आता जोडीदार वेगवेगळ्या देशांत बसून एकमेकांना फाइली पाठवतात, डीजे पेन ड्राइव्हवरून वाजवतो, वेग हवा तसा जुळतो. सुरुवातीचा बिनठोक्याचा भाग मात्र बऱ्याच ट्रॅकमध्ये अजून असतो.