लिनक्सवरील साउंड कार्ड ड्रायव्हरचे दोषनिवारण

लिनक्स संगणकावर आवाज मुळीच न येणे, फक्त हेडफोनमधून येणे किंवा मायक्रोफोन न चालणे अशा बिघाडांचे मूळ शोधण्याची पद्धत. अशा वेळी ‘ड्रायव्हर मिळत नाही’ अशी तक्रार हमखास होते. प्रत्यक्षात लिनक्सचे ध्वनी-ड्रायव्हर, म्हणजे साउंड कार्ड चालवणारे प्रोग्राम, कर्नलबरोबरच (लिनक्सच्या गाभ्याबरोबरच) येतात आणि बहुतेक वेळा ते सुरूही झालेले असतात. उत्पादकाच्या संकेतस्थळावर ते शोधण्यात वेळच जातो. बिघाड असतो तो ध्वनीच्या वाटेवरच्या कुठल्यातरी थरात.

हे थर टप्प्याटप्प्याने तयार झाले. सुरुवातीला हानू सावोलाइनेन यांची ओपन साउंड सिस्टम होती. यारोस्लाव्ह किसेला यांनी ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड कार्डासाठी लिहिलेल्या ड्रायव्हरमधून १९९८ च्या सुमारास ‘अल्सा’ ही ध्वनी-प्रणाली उभी राहिली आणि २००३ अखेरच्या २.६ कर्नलमध्ये तिने जुन्या प्रणालीची जागा घेतली. अनेक प्रोग्रामांचे आवाज एकत्र करण्यासाठी अल्सावर पल्सऑडिओ आला. आता त्याचे काम पाइपवायर करतो. फेडोरा या लिनक्स वितरणाने तो ३४ व्या आवृत्तीत, २०२१ साली, ध्वनीसाठी स्वीकारला.

तपासणी खालून वर करावी. टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा ‘-के’ पर्यायासह दिली की ध्वनी-उपकरण आणि त्याला लागलेला ड्रायव्हर दोन्ही दिसतात. ‘एप्ले -एल’ अल्साला सापडलेली कार्डे दाखवते. इथे कार्ड दिसत असेल तर ड्रायव्हर पुन्हा बसवण्याच्या फंदात पडू नये. पुढचा थर पाहावा. आवाजाच्या पातळ्या दाखवणारा ‘अल्सामिक्सर’ उघडून एफ-६ ने योग्य कार्ड निवडावे. एखाद्या पट्टीखाली ‘एमएम’ अशी अक्षरे असतील तर तो मार्ग बंद आहे. एम कळ दाबली की तो उघडतो. ही तपासणी इतकी साधी आहे की ती टाळलीच जाते. आवाज मॉनिटरच्या एचडीएमआय वाटेने जात असणे हेही नेहमीचे कारण. सेटिंगमध्ये नुसते ‘डमी आउटपुट’ दिसत असेल, पण अल्साला कार्ड सापडत असेल, तर बहुधा पाइपवायर किंवा त्याचा सहायक वायरप्लंबर अडलेला असतो. या सेवा वापरकर्त्याच्या सत्रातच पुन्हा सुरू करता येतात.

अल्सालाही कार्ड सापडले नाही, तर मात्र कर्नलच्या नोंदी ‘डीमेसेज’ने वाचाव्यात. इंटेल प्रोसेसरच्या अलीकडच्या पुष्कळ लॅपटॉपांत ध्वनीसाठी वेगळा सिग्नल प्रोसेसर असतो आणि त्याला साउंड ओपन फर्मवेअरची, म्हणजे त्या प्रोसेसरवर चालणाऱ्या प्रोग्रामची, फाइल लागते. ड्रायव्हर हजर, पण फाइल नाही, अशी स्थिती असली की नोंदींत फर्मवेअर न सापडल्याचा उल्लेख येतो. तो भाग वितरणाच्या पॅकेज-संग्रहातून बसवावा.

खरी गुंतागुंत आहे ती इंटेलने २००४ मध्ये आणलेल्या हाय डेफिनिशन ऑडिओ या मानकात. त्यात संगणकाशी जोडणाऱ्या कंट्रोलरचा ड्रायव्हर सर्वांना जवळपास एकच. अंकीय माहितीचा आवाज करणारी कोडेक चिप मात्र रिअलटेकसारख्या वेगवेगळ्या कंपन्यांची. कोडेकच्या कोणत्या पिनला स्पीकर, कोणत्या पिनला हेडफोन जोडला आहे, हा तक्ता बायॉस (संगणक सुरू करणारा मूळ प्रोग्राम) भरून ठेवते. तो चुकीचा भरलेला असला की ड्रायव्हर निमूटपणे चुकीच्या पिनवर आवाज सोडतो: कार्ड दिसते, पट्ट्या उघड्या असतात, पण स्पीकर गप्प. असे मॉडेल ओळखून दुरुस्ती लागू करणारी लांबलचक यादी कर्नलमध्ये आहे. आपले मॉडेल तीत नसेल तर ‘एसएनडी-एचडीए-इंटेल’ या ड्रायव्हर-मॉड्यूलला ‘मॉडेल’ हा पर्याय देऊन पाहता येते किंवा ‘एचडीएजॅकरीटास्क’ या साधनाने पिनांची कामे बदलता येतात. इंटरनेटवरून मिळालेल्या ओळी सेटिंग फाइलमध्ये एकावर एक चिकटवत गेल्यास मूळ दोष ओळखणेच अवघड होते. एका वेळी एकच बदल करावा आणि उपयोग न झाल्यास तो काढून टाकावा.

दोन प्रणाली असलेल्या यंत्रावर विंडोजमधून थेट लिनक्समध्ये आल्यास कोडेक कधीकधी अर्धवट स्थितीत राहतो. अशा वेळी यंत्र पूर्ण बंद करून सुरू केले की काम भागते. थोडा वेळ शांतता गेली की ‘टक्’ असा आवाज येत असेल, तर मॉड्यूलचा वीजबचतीचा पर्याय शून्य करावा.

एवढ्यानेही दोष गेला नाही तर ‘अल्सा-इन्फो’ ही स्क्रिप्ट चालवावी. कार्ड, कोडेक, पिनांचा तक्ता आणि मिक्सरची स्थिती ती एकाच फाइलमध्ये गोळा करते. कर्नलच्या दुरुस्ती-यादीत नवे मॉडेल घालण्यासाठी विकासकांना प्रामुख्याने हीच माहिती लागते.