दोनशे मीटर उंचीचा दरवाजा

चार विद्यार्थी मिळून व्हिडिओ गेम बनवताहेत, असं समजा. खेळातल्या वाड्याचा दरवाजा चित्रांचं काम बघणाऱ्या मुलीने मन लावून केला. कडी, कोयंडा, लाकडातल्या रेषासुद्धा. उंची लिहिली 200. तिच्या डोक्यात सेंटिमीटर होते. कोड लिहिणाऱ्या मुलाने तो खेळात बसवला आणि दरवाजा आभाळाला भिडला, कारण त्याच्याकडे 1 म्हणजे 1 मीटर. हे खरोखर घडू शकतं. ‘युनिटी’ या गेम इंजिनात, म्हणजे गेम बनवायच्या तयार सॉफ्टवेअरमध्ये, एक एकक मीटरचं धरतात, तर ‘अनरियल’मध्ये सेंटिमीटरचं. दोघांनीही आपापलं काम चोख केलं होतं. बिघडला तो सांधा.

गेममध्ये असे सांधे पावलोपावली असतात. चित्र, कोड, आवाज, खेळाचे नियम, सगळं एकमेकांत अडकलेलं. आपल्याकडे इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्टही गटातच करायचा असतो, पण एकाने रात्री जागून सगळं ओढून नेलं तरी तो पार पडतो. गेममध्ये चित्र, संगीत आणि कोड ही तिन्ही अंगं एकाच्या हातात क्वचितच असतात. म्हणून मिळून काम करायला शिकवायचं तर याहून चांगली तालीम नाही, असं मला मनापासून वाटतं.

माणसं वाढवली की काम लवकर होतं, हा आपला भाबडा हिशेब. चौघांच्या गटात बोलणाऱ्यांच्या जोड्या होतात 6, आठांच्या गटात 28. आयबीएममध्ये प्रचंड मोठ्या सॉफ्टवेअरचं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी 1975 साली लिहून ठेवलं की, आधीच रखडलेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर आणखी माणसं लावली तर ते आणखी रखडतं. नव्या माणसाला काम समजावून सांगण्यात जुन्यांचा वेळ जातो, आणि जोड्या वाढतात त्या वेगळ्याच.

अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात प्रा. रँडी पाउश यांनी ‘बिल्डिंग व्हर्च्युअल वर्ल्ड्स’ हा अभ्यासक्रम चालवला. त्याची रचना मला फार आवडते. वर्गात 50 विद्यार्थी, निरनिराळ्या विभागांतले. चौघाचौघांचे गट, तेही चिठ्ठ्या टाकल्यासारखे. दोन आठवड्यांत एक आभासी जग उभं करायचं. मग गट मोडायचा, नवे तीन सोबती, नवं काम. सत्रात असं पाच वेळा. म्हणजे पहिल्या गटात कुणाशी फाटलं, तर पुढच्या गटात सुधारायची संधी लगेच मिळते.

पाच कामं आणि प्रत्येक वेळी तीन सोबती, म्हणजे एका विद्यार्थ्याबद्दल 15 मतं जमतात. ‘याच्याबरोबर काम करणं किती सोपं गेलं?’ या प्रश्नावर आपण वर्गात कितवे, हे प्रत्येकाला आलेखावर दिसायचं. एखाद्याचा आकस असू शकतो, पंधरा मतांचा कल मात्र झटकून टाकता येत नाही. ‘सहकार्य करा’ असं फळ्यावर लिहिण्यापेक्षा त्या आलेखातली आपली आखूड पट्टी पोराला जास्त शिकवून जाते.

दोन आठवड्यांची मुदत आणखी एक सवय लावते: ‘झालं’ म्हणजे काय, हे आधी ठरवण्याची. दरवाजा काढून झाला म्हणजे झाला नाही. खेळातलं पात्र त्यातून आरपार चालत गेलं, की झाला. एवढं जरी पहिल्या दिवशी बोललं गेलं, तरी सेंटिमीटर-मीटरचा घोळ त्याच संध्याकाळी सापडतो. मनातलं सगळं दोन आठवड्यांत बसत नाही. मग कात्री चालवावी लागते, आणि तीच खरी कठीण. स्वतःची लाडकी कल्पना स्वतः कापायची असते.

एकाच कल्पनेवर भागवलं तर काय होतं, ते बघा. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, रेडमंडमध्ये डिजिपेन ही गेम बनवायला शिकवणारी संस्था आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी 2005 मध्ये ‘नार्बॅक्युलर ड्रॉप’ नावाचा छोटा गेम केला. त्यातल्या राजकन्येला गुडघेच नाहीत, त्यामुळे तिला उडी मारता येत नाही. तिच्या मदतीला आहेत एकमेकांना जोडलेले दोन दरवाजे. भिंत, जमीन, छत, कुठेही लावा, एकातून शिरलं की दुसऱ्यातून बाहेर. सगळी कोडी त्या एका कल्पनेभोवती रचलेली. ते पाहून व्हॉल्व्ह या गेम बनवणाऱ्या कंपनीने अख्खा चमूच नोकरीवर घेतला, आणि 2007 मध्ये त्याच दोन दरवाजांवर उभा राहिलेला ‘पोर्टल’ जगभर खेळला गेला.