हृदयाचा रक्तपुरवठा आणि रासायनिक सिग्नल

हृदय अख्ख्या शरीराला रक्त पंप करतं, पण त्याच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळतं ते महाधमनीच्या सुरुवातीलाच फुटणाऱ्या दोन कोरोनरी धमन्यांमधून, आराम करताना मिनिटाला साधारण २५० मिली. जोरात व्यायाम केला की हेच चार-पाच पट होऊ शकतं. व्हावंच लागतं, कारण हृदय बसल्या जागीसुद्धा मिळालेल्या रक्तातला ७०-८० टक्के ऑक्सिजन काढून घेतं, मग जादा ऑक्सिजन हवा तर जादा रक्त आणणं एवढाच मार्ग उरतो.

हे ठरवतं कोण? मेंदू आणि अॅड्रिनलिनचा हात असतोच, पण मुख्य निर्णय जागच्या जागी होतो. काम वाढलं की स्नायूत एटीपी (पेशींचं ऊर्जेचं इंधन) जास्त खर्च होतं, त्यातून अॅडेनोसिन तयार होऊन बाहेर पडतं आणि शेजारच्या बारीक धमन्या सैल करतं. रॉबर्ट बर्न यांनी ही कल्पना १९६३ मध्ये मांडली. नंतर दिसलं की अॅडेनोसिन अडवलं तरी रक्त वाढतंच, म्हणजे पोटॅशियम, कार्बन डायऑक्साइड वगैरे मंडळीही सोबत असतात.

खरी कमाल मात्र एंडोथेलियमची, म्हणजे धमनीच्या आतल्या एका पेशीइतक्या पातळ अस्तराची. रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर काम करत होते, अॅसिटिलकोलीन (मज्जातंतूंमधून सुटणारं एक रसायन) टाकलं की कधी पट्टी सैल व्हायची, कधी आखडायची. शेवटी कळलं की तयारी करताना अस्तर घासलं गेलं की ती सैल होत नाही, अस्तर शाबूत असेल तर होते! १९८० मध्ये त्यांनी हे छापलं, आणि अस्तरातून सुटणारा तो पदार्थ पुढे नायट्रिक ऑक्साइड निघाला, चक्क एक वायू, काही सेकंदच टिकणारा. १९९८ चं नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना याच विषयात मिळालं.

रक्ताचा वेग वाढला की अस्तरावर घर्षण वाढतं आणि नायट्रिक ऑक्साइडही जास्त सुटतो. डायबेटिस, सिगारेट, कोलेस्टेरॉल यांनी अस्तर खराब झालं की हा सिग्नल कमी पडतो, उलट धमनी आखडवणाऱ्या एंडोथेलिनचा जोर वाढतो.

छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवतात ती सॉर्बिट्रेटची गोळीसुद्धा शरीरात नायट्रिक ऑक्साइडच पुरवते. सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) त्याच सिग्नलचा परिणाम लांबवतं, दोन्ही एकत्र झाली तर बीपी धोकादायक इतकं कोसळू शकतं, त्यामुळे इमर्जन्सीत डॉक्टरांनी सिल्डेनाफिल घेतलंय का असं विचारलं तर लाजून लपवू नये.