एम.एस्सी. जीवशास्त्र : संशोधन प्रकल्पासाठी मार्गदर्शक निवडण्याची प्रक्रिया, पात्रता व कागदपत्रे

जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात किंवा जळगाव, धुळे, नंदुरबार जिल्ह्यांतील संलग्न महाविद्यालयांत जीवशास्त्र शाखेच्या एम.एस्सी.ला नव्याने प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांनी प्राध्यापकांच्या संशोधनाची ओळख पहिल्याच वर्षी करून घ्यावी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आखलेल्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात तिसऱ्या सत्रात ४ आणि चौथ्या सत्रात ६ श्रेयांकांचा (क्रेडिट्सचा) संशोधन प्रकल्प आहे. तो अभ्यासक्रमाचाच भाग असल्याने प्रवेशित प्रत्येक विद्यार्थी त्यास पात्र असतो. प्रश्न असतो तो योग्य मार्गदर्शक मिळण्याचा.

मार्गदर्शकांच्या पसंतीक्रमाचा अर्ज भरण्यापूर्वी प्राध्यापकांचे अलीकडचे दोन-तीन शोधनिबंध वाचावेत आणि त्यांच्या मार्गदर्शनाखाली पूर्ण झालेले पीएच.डी. प्रबंध ‘शोधगंगा’ या संग्रहात पाहावेत. त्यानंतर वेळ मागून प्रयोगशाळेत जावे. ही पायरी विद्यार्थी सर्रास गाळतात, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. केळीच्या मुनव्याचा (बुंध्याशी फुटणाऱ्या पिलाचा) कोंब कापल्यावर काही वेळातच तो काळवंडू लागतो आणि ऊतिसंवर्धन (टिश्यू कल्चर) करणाऱ्याला त्याच्याशी रोज झगडावे लागते, हे शोधनिबंधातल्या एका ओळीवरून उमगत नाही. मावा किडीमार्फत पसरणाऱ्या केळीवरील हरण्या रोगाच्या विषाणूवर काम करायचे, की सातपुड्यातील वनस्पतींवर, हे तिथे तासभर उभे राहून पाहिल्यावर ठरवणे सोपे जाते. भेटीत प्रकल्पाला किती महिने लागतील, रसायनांचा खर्च कोण करणार आणि रोजच्या कामात कोण शिकवणार, हे तीन प्रश्न संकोच न करता विचारावेत.

अर्जासोबत साधारणतः पदवीच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, प्रवेशाची पावती, ओळखपत्र, अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा (श्रेयांक जमा होणाऱ्या ऑनलाइन खात्याचा) क्रमांक, विषयातील रुची सांगणारे एक पानी निवेदन आणि मार्गदर्शकाचे संमतिपत्र तयार ठेवावे. विभागाचा विहित नमुना असल्यास तोच वापरावा.

पुढे त्याच मार्गदर्शकाकडे पीएच.डी. करण्याचा विचार असेल, तर जागा रिक्त आहे का, हे आधीच विचारून घ्यावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार एका वेळी प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ पेक्षा अधिक पीएच.डी. विद्यार्थी असू शकत नाहीत. दोन वर्षांच्या पदव्युत्तर पदवीनंतर प्रवेशासाठी ५५ टक्के गुण आवश्यक असून अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमिलेअर इतर मागासवर्ग, दिव्यांग व आर्थिक दुर्बल घटकांना ५ टक्क्यांची सवलत आहे. तिच्यासाठी संबंधित प्रमाणपत्र लागते.

काही विषयांना स्वतंत्र परवानगी लागते आणि ती हाती येण्यास वेळ लागतो. यावल अभयारण्यातून नमुने गोळा करायचे असल्यास वनविभागाची लेखी परवानगी, प्राण्यांवरील प्रयोगांसाठी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची आणि मानवी रक्तनमुन्यांसाठी मानवी नैतिकता समितीची मान्यता काम सुरू होण्यापूर्वीच घ्यावी लागते. नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांवर सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा अभ्यास करणाऱ्याने संमतिपत्र केवळ मराठीत छापून थांबू नये. ज्याच्या दंडातून रक्त घ्यायचे, त्याला ते कशासाठी, हे पावरी किंवा भिली बोलीत समजावून सांगणारी व्यक्ती सोबत असावी आणि तिचा उल्लेख समितीकडे सादर करायच्या प्रस्तावातच करावा.